नागपुरात हाताने काम करणाऱ्यांनी परवडणारी जागा शोधायची तरी कुठे?

ठसेवाली

नमस्कार मंडळी. मी कापडावर लाकडी ठशांनी छपाई करते, सोबत थोडं स्क्रीन प्रिंटिंग. धरमपेठेत एका घराच्या मागच्या दोन खोल्या किरायाने घेतल्या होत्या. करार अकरा महिन्यांचा, संपला की पुन्हा अकरा. आता मालकांना मागचं बांधकाम पाडून मजले चढवायचे आहेत, म्हणून दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करायला सांगितलंय. जागा त्यांची, निर्णय त्यांचा. पण दुसरी जागा शोधायला निघाले तेव्हा लक्षात आलं की या शहरात माझ्यासारख्यांच्या कामाला जागाच ठेवलेली नाही.

रस्त्यावरचं दुकान घ्यावं तर दर्शनी भागाचा किराया द्यावा लागतो, आणि मला तर गिऱ्हाईक समोरून येण्याची गरजच नाही. फ्लॅट घ्यावा तर सोसायटी नको म्हणते. को-वर्किंगवाल्यांकडे खुर्ची मिळते, वायफाय मिळतं, रंगाची बादली नेता येत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत गाळा मिळतो, पण तो असतो कारखान्याच्या मापाचा, आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघी संध्याकाळी सातला तिथून घरी कशा जाणार?

मला काय लागतं तेही सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. साडी साडेपाच मीटरची असते, म्हणून टेबल लांब हवं. आखूड टेबलावर कापड सरकवत छापलं की जोडावर नक्षी हलते. धुवायला मोरी हवी, वाळवायला गच्ची हवी. हवा खेळती हवी. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवला तर रंग स्क्रीनच्या जाळीतच वाळून बसतो आणि जाळी वाया जाते. कूलर लावला तर खोलीत इतका दमटपणा येतो की पहिला रंग वाळत नाही, त्यावर दुसरा चढवला की फिसकटतो. टिनाच्या छपराखाली तर विचारच नको. म्हणजे स्वस्त म्हणून कुठलीही शेड घेऊन टाकली, असं आमच्या कामात जमत नाही.

कुंभारकाम, लाकूडकाम, पुस्तकबांधणी, शिलाई, ध्वनिमुद्रण असं काही करणाऱ्यांनी कृपया लिहा: तुम्ही कुठे आहात, किती वर्षांच्या कराराने आहात, आणि महापालिकेकडून किंवा नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यास) काही मिळण्याची वाट आहे का?

आकडेमोड

ताई, मी कर सल्लागार आहे. माझे बरेच अशील तुमच्यासारखेच लहान व्यावसायिक आहेत, म्हणून कागदाचं सांगतो. किरायाइतकंच नुकसान कच्च्या करारामुळे होतं.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही हा समज अजून सगळीकडे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, ते लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर किरायाच्या अटींबाबत किरायेदार जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. त्यामुळे नोंदणीत मालकाचंही हित आहे.

आता खर्च पहा. महिना १०,००० किराया, ५०,००० परतीची अनामत, तीन वर्षांचा करार. एकूण किराया ३,६०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, त्याचे तीन वर्षांचे १५,०००. बेरीज ३,७५,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ९४० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. साधारण दोन हजारांत तुम्हाला तीन वर्षांचा पक्का कागद मिळतो. हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे. मग दर अकरा महिन्यांनी जीव टांगणीला कशाला लावायचा? मालकाला दरवर्षी वाढ हवी असेल तर ती करारातच लिहून टाका.

विजेचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल तर महावितरणचा निवासी दरच लागतो. शिलाई, चित्रकला, शिकवणी या मर्यादेत सहज बसते. तुमची उष्णतेने रंग पक्का करायची यंत्रणा असेल तर मात्र युनिट बघून घ्या.

गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं म्हणाल तर वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांब राहा. आणि तुमची जीएसटी नोंदणी आहे पण मालकाची नाही, अशी स्थिती असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या किरायावरचा १८ टक्के कर तुम्हाला भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या लहान व्यावसायिकांना, १६ जानेवारी २०२५ पासून त्यातून सूट आहे. किराया ठरवताना हे आधी धरा, नाहीतर दहा हजारांची जागा अकरा हजार आठशेला पडते. नेहमीच्या करदात्याला तो कर पुढे वजावट म्हणून मिळतो, पण आधी खिशातून जातोच.

वाडामालक

मी जुन्या नागपुरातल्या महाल भागात राहतो. वाड्याचा मागचा भाग अनेक वर्षं बंद आहे. चार खोल्या, विहीर, मोकळं अंगण. ठसेवाली ताईंना लागतं ते सगळं आहे, तरी मी देत नाही. का देत नाही ते सांगतो, कारण आम्हा मालकांना लोभी म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

आमच्याच वाड्यात पुढचं दुकान आजोबांनी दिलेलं आहे. त्याचा किराया आज महिन्याच्या दुधाच्या बिलाइतकाही नाही. कायद्याने मला वर्षाला चार टक्के वाढ मिळते, पण ती मुळातल्या नगण्य रकमेवर. मी ते दुकान सोडवू शकत नाही आणि वाडा दुरुस्तही करू शकत नाही. नवीन माणसाला लिव्ह अँड लायसन्सने दिलं तर असं होणार नाही, हे वकिलांनी मला समजावलंय. पण एक फरक त्यांनीच सांगितला. राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. धंद्यासाठी दिलेल्या जागेला ती सोय नाही. तिथे दिवाणी दावा. दावा म्हणजे किती वर्षं, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा.

त्यात व्यावसायिक वापर झाला की मालमत्ता कर वाढतो, मीटर बदलतं. केळीबाग रोडच्या रुंदीकरणात आमच्या भागातली किती दुकानं गेली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. म्हणून जुन्या नागपुरात बंद खोल्या पुष्कळ आणि देणारे थोडे. उद्या महापालिका किंवा एखादी सहकारी संस्था मधे उभी राहिली, किरायाची आणि मुदतीला जागा परत मिळण्याची हमी तिने घेतली, तर मी उद्या कुलूप काढतो. माणूस ओळखीचा नसला तरी चालेल. त्याच्या मागे कोणीतरी उभं पाहिजे.

चितारओळ

काका, तुमचं बोलणं पटलं. आता आमचं ऐका. आम्ही मूर्तिकार, चितारओळीतले. आमच्या ओळीच्या नावाने मेट्रोचं स्टेशन झालं, चितारओळी चौक. आनंद आहे. पण खाली ओळीत काम करायला जागा किती उरली ते पाहून जा राजेहो.

पीओपीची मूर्ती साच्यात ओतली की लवकर निघते, लवकर वाळते, एकावर एक फळ्या लावून रचता येते. मातीच्या मूर्तीचं तसं नाही. तिला सावलीत, हळूहळू वाळू द्यावं लागते. उन्हाचा झोत लागला की हाताच्या जोडाला, सोंडेला भेग पडते. पावसाळी हवेत ठेवली तर वाळतच नाही. भेग पडली की ओली माती भरून परत पहिल्यापासून. म्हणजे तेवढ्याच मूर्तींना मातीत जागा जास्त लागते आणि जास्त दिवस लागते. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना आल्या, पीओपी नको, मातीची करा. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या मातीचीच करत आलो, आम्हाला बरंच वाटलं. पण माती पाहिजे तर मातीला जागा पाहिजे, हे कोणी बोलून नाही राहिलं. नियम करणाऱ्याने एक शेड तरी द्यावी ना.

आमची गरज वर्षभराची नाही. उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत, मग दुर्गादेवीपर्यंत. त्यानंतर जागा मोकळी. आता आम्ही रस्त्याच्या कडेला मंडप टाकतो, त्याची परवानगी, ताडपत्री, रात्रीचा पहारा, आणि एक वादळी पाऊस आला की कामाचं पाणी. हंगामापुरती पक्क्या छपराची जागा मिळाली तर किराया द्यायला आम्ही कधीही नाही म्हटलं नाही.

चारशेचाळीस

मी ग्राफिक डिझाइन करतो, माझं को-वर्किंगमध्ये बरं चाललंय. परसोडीच्या आयटी पार्कच्या आसपास आणि वर्धा रोडला पर्याय आहेत, तिथे दिवसाच्या हिशेबानेही बसता येतं. ज्यांचं काम लॅपटॉपवर आहे त्यांची अडचण नागपुरात तितकी मोठी नाही, हे मान्य केलं पाहिजे. ध्वनिमुद्रण करणारे मित्र मात्र रडकुंडीला आलेत. आवाज अडवायला भिंतीवर पैसे घालायचे आणि अकरा महिन्यांनी त्या भिंती सोडून जायचं.

एक भर. लंडनच्या २०२१ च्या नगर आराखड्यात यासाठी वेगळं धोरणच आहे. ठरावीक सामाजिक, सांस्कृतिक किंवा आर्थिक हेतूसाठी बाजारभावापेक्षा कमी किरायाची कामाची जागा, आणि ती नव्या बांधकामाची परवानगी देतानाच बिल्डरकडून करारात बांधून घेता येते. आपल्याकडे नव्या टॉवरकडून पार्किंग मागतात, मोकळी जागा मागतात. तळमजल्यावरचे दोन गाळे लहान कारागिरांसाठी का मागू नयेत?

टाचणी

मी पाचपावलीची. आमचा बचत गट शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवतो. कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत आमच्यातल्या काही बायांना १५,००० रुपयांचं टूलकिट मिळालं, प्रशिक्षणही झालं. कामाला आलं, नाही म्हणणार नाही. पण मशीन ठेवायची कुठे? घरात एकच खोली. दिवसा मशीन मांडायची, रात्री उचलून भिंतीला लावायची, मग तिथेच मुलांचं अंथरूण. मोटारची मशीन अशी रोज हलवली की पट्टा सुटतो, टाका चुकतो. कापड जमिनीवर पसरून कापायचं, तेवढ्यात कोणाचा तरी पाय पडतो.

मोठी ऑर्डर आली की प्रत्येकीच्या घरी थोडं थोडं वाटतो. एकीचा टाका घट्ट, दुसरीचा सैल, गिऱ्हाईक परत पाठवतं. एका खोलीत सगळ्या बसलो तर एक जण कापेल, एक काज करेल, एक इस्त्री करेल. आम्हाला धरमपेठ नको, सदर नको. आमच्या वस्तीपासून पायी जाता येईल अशी, पंखा आणि संडास असलेली एक मोठी खोली पाहिजे. ताईंनी दोघींच्या घरी जाण्याचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. किराया सगळे मोजतात, आमच्या बायांचा ऑटोचा खर्च कोणी मोजत नाही.

निवृत्त अभियंता

मी महापालिकेत नोकरी केली आहे. माहिती असलेलं तेवढंच लिहितो.

पटसंख्या घटल्यामुळे बंद झालेल्या मनपा शाळांच्या इमारती शहरात आहेत. काही दुसऱ्या कामाला दिल्या, काही पडून आहेत. वर्गखोली म्हणजे चांगली उंची, दोन्ही बाजूंनी खिडक्या, बाहेर व्हरांडा, पाण्याची टाकी, आवार, फाटक. ठसेवाली, चितारओळ, टाचणी या तिघांनी मागितलेलं जवळजवळ सगळं तिथे आहे. महापालिकेची आणि नासुप्रची व्यापारी संकुलंही आहेत, त्यात वरच्या मजल्यावरचे गाळे लवकर उठत नाहीत, कारण वर दुकान चालत नाही. पण कारागिराला वरचा मजला चालतो.

मग देत का नाहीत? महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे महापालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असून चालत नाही. हे कलम चुकीचं नाही. ते नसतं तर मोक्याच्या जागा मर्जीतल्या माणसांना रुपयाने गेल्या असत्या. पण त्यामुळे 'सवलतीने द्या' असा अर्ज घेऊन गेलात तर कोणताही अधिकारी सही करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

माझं म्हणणं असं की सवलत मागूच नका. खोलीनिहाय देणं मागा. आज इमारत निघते ती अख्खी निघते. एक निविदा, मोठी अनामत, मागच्या वर्षांच्या उलाढालीची अट. तिथे लहान माणूस दारातच गळतो. तीच इमारत खोलीगणिक, तीन वर्षांच्या मुदतीने काढली तर काय होईल? नंदनवनमधल्या जुन्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा बाजारभाव हा धरमपेठेतल्या दुकानाचा बाजारभाव नव्हे. मूल्यांकन प्रामाणिकपणे केलं तर तो किराया आपोआप तुमच्या आवाक्यात येतो, कायदाही मोडत नाही आणि पडीक इमारतीतून महापालिकेला उत्पन्न सुरू होतं.

खडूफळा

मी या सूचनेच्या विरोधात आहे आणि स्पष्ट लिहितो. मी मनपा शाळेत शिकलो. शाळा बंद पडते ती पोरं नाहीत म्हणून एवढंच नसतं. शिक्षक नाहीत, दुरुस्ती नाही, म्हणून पोरं जातात. एकदा वर्गखोलीत शिलाई मशीन बसली की ती शाळा परत कधीच उघडणार नाही. गरिबाच्या मुलांची जागा गरीब कारागिराला देऊन आपण कोणता न्याय करणार? आणि आज कारागीर, उद्या गोडाऊन, परवा मंगल कार्यालय. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, हजारोंना काम दिलं, आज त्या जागेवर मॉल आहे. जागेचा वापर एकदा बदलला की मागे फिरत नाही.

टाचणी

दादा, माझी मुलगी मनपा शाळेतच जाते. चालू शाळेला हात लावू नका, हे मीही म्हणते. पण आमच्याकडे ज्या इमारतीला कुलूप आहे तिथे संध्याकाळी पत्ते आणि दारू चालते. आम्ही बाया त्या रस्त्याने जायचं टाळतो. तिथे दिवसभर वीस-पंचवीस बाया बसून काम करतील तर तो रस्ता तरी सुरक्षित होईल.

निवृत्त अभियंता

खडूफळा यांची भीती खरी आहे, मी अशी उदाहरणं पाहिली आहेत. म्हणून मुदत तीन वर्षांचीच हवी, खोलीत पक्कं बांधकाम करायला मनाई हवी, पोटकिराया दिला की परवाना रद्द, आणि परिसरातली पटसंख्या वाढली तर पुढचं नूतनीकरण नाही, हे करारातच लिहावं लागेल. ज्या इमारतीत एक तरी वर्ग भरतो ती यादीतून वगळावी. चितारओळ यांचा हंगामी प्रश्न तर बंद इमारतीच्या आवाराने आणि व्हरांड्यानेही सुटतो, खोलीला हात न लावता.

वाडामालक

साहेब, यात एक जोडा. पोटकिरायावर लक्ष कोण ठेवणार? निरीक्षक वर्षातून एकदा फिरकेल. त्यापेक्षा त्या इमारतीत बसणाऱ्यांचीच नोंदणीकृत सहकारी संस्था करा, महापालिकेचा करार तिच्याशी. एकाने खोली गोडाऊनला दिली तर बाकीच्यांचा परवाना धोक्यात, मग शेजारीच गप्प बसणार नाही.

खडूफळा

एक वर्ग भरतो ती इमारत वगळणार असाल आणि यादी सगळ्यांसमोर येणार असेल, तर माझा विरोध तेवढ्यापुरता मागे. पण यादी आधी. कोणती शाळा कधी बंद झाली आणि का, हे कळल्याशिवाय कोणतंही निवेदन देऊ नका.

आकडेमोड

यादी मिळवणं अवघड नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. शहरात दहा झोन आहेत. सगळ्या झोनला एकाच अर्जात विचारलं तर अर्ज टेबलांवरून फिरत राहतो, म्हणून झोनवार वेगळे अर्ज करा. 'का दिली नाही' असं विचारू नका, कारणं विचारली की उत्तर टाळता येतं. असलेली कागदपत्रं मागा: बंद शाळा इमारतींची यादी, बंद केल्याचा आदेश, खोल्यांची संख्या आणि क्षेत्रफळ, सध्याचा वापर, शेवटचं मूल्यांकन, आणि व्यापारी संकुलांतल्या न उठलेल्या गाळ्यांची यादी. नासुप्रला स्वतंत्र अर्ज.

ठसेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. वाडामालक काका, मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. तीन वर्षांचा नोंदणीकृत करार, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च माझा, विजेचं वेगळं मीटर माझ्या खर्चाने, वापर बदलल्यामुळे जितका कर वाढेल तितका किरायात धरून. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी दोघांनी लेखी कळवायचं. तुमच्या वकिलांना आणखी काही अटी घालायच्या असतील तर मी वाचून सही करेन. एक खोली आणि अंगण एवढंच आधी द्या, पटलं तर पुढचं पाहू.

अर्जांचं मी हातात घेते. धरमपेठ आणि लक्ष्मीनगर झोनचे मी लिहिते. गांधीबाग चितारओळ दादांनी घ्यावं. टाचणी ताई, पाचपावली ज्या झोनमध्ये येते तो तुमच्याकडे; मजकूर मी लिहून देईन, तुम्ही फक्त नाव-पत्ता घालून द्यायचा. खडूफळा, बंद झाल्याच्या आदेशाचा मुद्दा तुम्हीच नीट शब्दांत मांडून पाठवा, तो सगळ्या अर्जांत जसाच्या तसा घालू.

चितारओळ

गांधीबागचा माह्याकडे. सतरंजीपुराही घेतो, आमचे नातेवाईक तिकडे मूर्ती करतात. ताई, अर्जात आवाराचं क्षेत्रफळ वेगळं विचारा, नुसत्या खोल्यांचं नको. आणि आवारात मालट्रक शिरते का, फाटक किती रुंद आहे, तेही लिहा. मोठी मूर्ती बाहेरच निघाली नाही तर जागा काय कामाची.